माणशी दोन हजार

फ्लोर : आधी माझे पैसे दे, मग पुढचं दार उघड. स्लिप भरून आणलीय. तू फक्त सही कर.

मेडिंग : मागच्या दारानं का आलीस?

फ्लोर : पुढे रांग आहे म्हणून.

मेडिंग : कसली रांग? आत्ता सात वाजतायत. पतसंस्था आठला उघडते, फ्लोर.

फ्लोर : चर्चच्या पायरीपासून पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेलीय. चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. पडदा सारू नकोस, दिसशील त्यांना.

मेडिंग : नाताळ जवळ आलाय. कर्जाचे अर्ज घेऊन आले असतील.

फ्लोर : मानांग, थोरली असलीस आणि बत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस, तरी आता मला नको शिकवूस. सगळ्यांच्या हातात पासबुकं आहेत. अर्ज एकाच्याही हातात नाही.

मेडिंग : सगळ्यांच्या?

फ्लोर : घे. सेहेचाळीस हजार. आकड्यातही लिहिलेत आणि अक्षरांतही. अक्षरं माझ्या पोरीनं, मर्लिननं लिहिली, माझं अक्षर तुला वाचता येत नाही म्हणून.

मेडिंग : तिजोरीत किती आहेत ते तुला माहीत आहे. रविवारी जेवताना मीच सांगितलं तुला.

फ्लोर : म्हणूनच तर आले ना! तीन लाख दहा हजार. आणि लोकांच्या ठेवी बावीस लाख. तू सांगितलंस, आणि त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तू मात्र सांगून मोकळी झालीस आणि दोन वेळा भात वाढून घेतलास.

मेडिंग : बाकीचे पैसे कुठे गेले तेही सांगितलं होतं. कुणी खाल्ले नाहीत. वादळानंतर होड्या आणि छपरांसाठी वाटले. तुझ्या छपराचे पत्रेही त्यातलेच.

फ्लोर : पत्र्यांचे पैसे मी फेडले. सुकी तारली विकून विकून फेडले. बाकीच्यांनी फेडले का?

मेडिंग : फेडतील. होड्या बांधून झाल्या, आणि लगेच मासेमारीबंदी लागली. फेब्रुवारीत बंदी उठेल, होड्या समुद्रात जातील, हप्ते सुरू होतील. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. फक्त दोन महिने.

फ्लोर : मर्लिनची फी जानेवारीत भरायची आहे. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. कॉलेज काय फेब्रुवारीच्या तारलीची वाट बघणार आहे?

मेडिंग : फीचं मी काहीतरी बघीन.

फ्लोर : काय बघशील? तुझे सगळे पैसे याच तिजोरीत. बघायला तुझ्याकडे आहे काय?

मेडिंग : फ्लोर, तू अध्यक्षाची बहीण आहेस. तू पैसे घेऊन बाहेर पडलीस की मागचा एक माणूस थांबायचा नाही. दुपारपर्यंत तिजोरी रिकामी होईल. तुझ्या मागच्या सहा-सात जणांना मिळतील, उरलेल्यांना छदामही नाही.

फ्लोर : तेच म्हणते मी. कुणीतरी मागे राहणारच. या खेपेला आम्ही नाही.

मेडिंग : या खेपेला म्हणजे?

फ्लोर : विसरलीस? बरोबर, तू इथं कुठे होतीस! तू इलोइलोला मास्तरणीच्या कॉलेजात होतीस. मी होते. बारा वर्षांची. बाबांनी रेडा विकून पैसे ठेवले होते त्या बुडालेल्या बँकेत. आई दोन दिवस रांगेत उभी होती, आणि मी तिचा झगा धरून. तिनं मला एकदा पांदेसाल पाव आणायला पाठवलं, तेवढ्यात मागची बाई पुढे घुसली, म्हणून आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. आमच्या पुढे तीन माणसं राहिली होती, आणि खिडकी बंद झाली.

मेडिंग : मला ठाऊक आहे ते सगळं.

फ्लोर : ऐकून ठाऊक आहे. मग घरात पैसे एकीपुरतेच उरले. तू शेवटच्या वर्षाला होतीस. मला सहावीतून काढलं आणि मासे चिरायला बसवलं. मी कधी बोलले काही?

मेडिंग : नाही बोललीस.

फ्लोर : आज बोलतेय. सही कर.

मेडिंग : ही पतसंस्था मी कशासाठी काढली असं वाटतं तुला? त्याच खिडकीसाठी. आपल्या माणसांना तसं पुन्हा उभं राहावं लागू नये म्हणून. शंभरातले वीस पेसो तिजोरीत राहिलेच पाहिजेत, हा नियम मी स्वतःच्या हातानं लिहिला.

फ्लोर : आणि स्वतःच्या हातानं मोडला.

मेडिंग : हो, मोडला. माणसं ताडपत्रीखाली झोपत होती. अर्ज पुढे आला की मी आकडा बघत नव्हते, माणूस बघत होते. चुकलं असेल. पण एक सांग. आकडा मी फक्त तुला सांगितला होता. कमिटीतल्या तिघांना माहीत आहे, आणि ते तिघेही बोलणारे नाहीत. मग बाहेर चाळीस माणसं कशी आली?

फ्लोर : स्लिपवर तारीख घालायची राहिलीय, दे इकडे.

मेडिंग : फ्लोर.

फ्लोर : फक्त साल्विंगला सांगितलं.

मेडिंग : साल्विंगला!

फ्लोर : कुमारे आहे ती माझी. तिच्या पोराच्या बाप्तिस्म्याला मी उभी होते. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. मी माझे काढायचे आणि तिला बुडू द्यायचं? कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली तिला.

मेडिंग : तशी शपथ मीही तुला घातली होती.

फ्लोर : मग तू तरी मला कशाला सांगितलंस?

मेडिंग : कुणाला तरी सांगायचं होतं. एकटीला झेपेना.

तिबोय : बाई! बाई, आहात का आत? मागचं दार उघडंच दिसलं म्हणून आलो. रागावू नका हं.

मेडिंग : या मानोंग तिबोय. बसा. सायकलरिक्षा कुठे ठेवलीत?

तिबोय : चर्चच्या सावलीत. अर्धा तास उभा होतो रांगेत. कशाची रांग म्हणून पुढच्याला विचारलं, तर तो म्हणतो, गप उभा राहा, तुझी जागा जाईल. मी म्हटलं, असेल काही वाटप, तांदूळ नाहीतर सार्डिनचे डबे. पण पाय दुखायला लागले. म्हटलं, आपलं काम ते केवढं, मागून जाऊन उरकून येऊ. हे पन्नास पेसो. जमा करून घ्या.

मेडिंग : जमा करायचेत?

तिबोय : दर शनिवारी करतो की! आता एकोणीसशे झालेत. म्हातारीला डुकराचं पिल्लू पाहिजे. वाढवून पुढच्या फिएस्टाच्या जत्रेला विकू म्हणते. हे घ्या पासबुक. ओलं झालंय थोडं.

फ्लोर : घे ना, मानांग. हात का थांबला?

मेडिंग : तू गप्प बस.

फ्लोर : बाबांनीही शेवटच्या आठवड्यात पंचवीस पेसो भरले होते. त्या खिडकीनं ते घेतले, शिक्का मारला, वर हसून बोलली. घे.

तिबोय : काय झालंय? कमी आहेत का? पुढच्या शनिवारी शंभर आणतो.

मेडिंग : कमी नाहीत. मानोंग, जरा ऐका माझं. आज तुमचे पैसे मी घेऊ शकत नाही.

तिबोय : का हो? माझं काही चुकलं?

मेडिंग : तुमचं नाही. रांग तांदळाची नाही. लोक आपापल्या ठेवी काढायला आलेत. सगळ्यांना द्यायला तिजोरीत पैसे नाहीत. सातातला एक भागही नाही. बाकीचे कर्जात आहेत. किनाऱ्यावर उलट्या घालून ठेवलेल्या त्या होड्या, त्यांत आहेत. चोरी झालेली नाही. पण आज मागाल तर आज नाहीत.

तिबोय : अस्सं.

मेडिंग : मी जास्त वाटले. जबाबदारी माझी आहे.

तिबोय : एक होडी माझ्या जावयाची आहे. निळी. चांगली बांधलीय.

मेडिंग : हो. मीच मंजूर केली होती.

तिबोय : मग बाई... माझे एकोणीसशे मिळतील का? आज?

मेडिंग : काढायचेत तुम्हाला?

तिबोय : वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही माझ्या पोरीला वाचायला शिकवलंत, मी विसरलो नाही. तुम्ही खोटं बोलला असतात तर मी पन्नास ठेवून गेलो असतो. पण खरं कळल्यावर पैसे ठेवून जायला मी काय मोठा माणूस आहे?

मेडिंग : वाईट कशाला वाटेल? पैसे तुमचेच आहेत. थांबा. हे हजार, हे पाचशे, हे चारशे. मोजून घ्या.

तिबोय : तुम्ही मोजलेत की.

मेडिंग : नाही, तुम्ही मोजा. इथं सही करा.

तिबोय : बाहेर विचारतील मला. काय सांगू?

मेडिंग : जे ऐकलंत ते. आणि पुढच्या दारानं जा. मी उघडते. पुढे मीही येते, सगळ्यांना सांगायला.

फ्लोर : काय सांगणार आहेस?

मेडिंग : सभासद दीडशे आहेत. माणशी दोन हजार. ज्याचे कमी असतील त्याचे सगळे. बाकीचे होड्या सुटल्यावर, जसजसे हप्ते येतील तसतसे.

फ्लोर : आणि माझे?

मेडिंग : माणशी दोन हजार, फ्लोर.

फ्लोर : मी पहिली आले. तुझी सख्खी बहीण आहे मी!

मेडिंग : म्हणूनच.

फ्लोर : सेहेचाळीस हजार आहेत माझे! अकरा वर्षं उन्हात मासळीच्या ताट्या पालथ्या घातल्यात मी. मर्लिनला काय सांगू? तुझ्या मावशीनं गावाला वाचवलं, तू आता मासे चिर?

मेडिंग : हे दोन हजार. मोज.

फ्लोर : तिजोरी उघडी आहे. किल्ली तुझ्या गळ्यात आहे. तो म्हातारा सोडला तर कुणी बघत नाहीये.

तिबोय : मी बाहेर थांबतो, बाई.

मेडिंग : नाही, इथंच थांबा. फ्लोर, तुला मी आत्ता दिले, तर बाहेर जाऊन कुठल्या तोंडानं बोलू?

फ्लोर : तेव्हाही मीच मागे राहिले. आताही मीच. दोन्ही वेळा तुझ्यापायी.

मेडिंग : हो.

फ्लोर : हो म्हणतेस? निर्लज्ज!

मेडिंग : खोटं कशाला बोलू? सही कर इथं.

फ्लोर : आण इकडे ते दोन हजार. आणि रविवारी जेवायला येऊ नकोस. ना या, ना पुढच्या.

(मे महिना. किनाऱ्यावर, फ्लोरच्या मासे वाळवायच्या ताट्यांपाशी.)

मेडिंग : कुणाच्या हाती पाठवणार होते. म्हटलं, स्वतःच जावं.

फ्लोर : सावलीत ये. डोकं तापेल.

मेडिंग : हे एकोणतीस हजार चाळीस. शेवटचे. शंभराला सहासष्ट पडले सगळ्यांना. मोठ्या गावातल्या संस्थेनं आपली संस्था त्यांच्यात मिळवून घेतली, त्यांनी हिशेब मिटवला.

फ्लोर : आणि बाकीचे पंधरा?

मेडिंग : बुडाले. अकरा जण होड्या विकून मनिलाला निघून गेले. तिबोयचा जावईही.

फ्लोर : ऐकलं. म्हातारा परवा मासे घ्यायला आला होता. मान खाली घालून उभा होता. चार तारल्या जास्त घातल्या त्याला.

मेडिंग : मर्लिन कशी आहे?

फ्लोर : रोहास शहरात चपलांच्या दुकानात उभी असते. दिवसभर लोकांच्या पायांशी. जूनमध्ये पुन्हा अर्ज करते म्हणतेय. घेतील का नाही, काय माहीत. हातात पगार यायला लागला की पोरं परत वळतात थोडीच!

मेडिंग : मी पेन्शनमधून तिच्यासाठी पाठवत होते. तीनदा पाकीट परत केलंस तू.

फ्लोर : चौथ्यांदा पाठवलं नाहीस.

मेडिंग : मला वाटलं, तुला नकोच आहे.

फ्लोर : मला नकोच होतं. तिला पाहिजे होतं.

मेडिंग : पाठवीन. आज संध्याकाळीच पाठवीन.

फ्लोर : तिच्या नावावर पाठव. माझ्या नाही.

मेडिंग : बरं.

फ्लोर : मार्चच्या सभेत तुला अध्यक्षपदावरून उतरवलं म्हणे. साल्विंग पण हात वर करून बसली होती.

मेडिंग : बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. चर्चमध्ये नमस्कार करतात, पण माझ्या बाकावर कुणी बसत नाही.

फ्लोर : मी तर चर्चलाच येत नाही. रविवारी मासे थांबतात का?

मेडिंग : माझ्यामुळे येत नाहीस असं वाटलं होतं.

फ्लोर : सुरुवातीला होतं तसं. मग खरंच कामाचं झालं.

मेडिंग : घरी बसून असते आता. सकाळी चारला जाग येते. चहा होतो, अंगण झाडून होतं, तरी पाचच वाजलेले असतात.

फ्लोर : उद्या चारलाच होड्या लागतील. माझी एक बाई बाळंतपणाला गेलीय. दिवसाचे अडीचशे देते मी. तुला जास्त देणार नाही.

मेडिंग : मला मासे चिरता येत नाहीत गं, इंदाय.

फ्लोर : माहीत आहे. ये तरी. मिठानं पहिले चार दिवस हात चुरचुरतात. मग काही वाटत नाही.