लेकीच्या भाड्याची पावती

अकोल्याच्या कोर्टात पोटगीच्या पहिल्याच तारखेला आलेली आचल तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत बसली होती. बाकावर शेजारीच एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांपुढे कागद धरून होती. आचलने मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच.

“बाबा, सही करा. लेक घरात राह्यते त्याचं भाडं देते, एवढंच लिवलं हाय.”

“मी तुह्यापासून भाडं घेतो?”

“माह्या अंकुरचा बाप फौजेतून आमच्या नावानं घरभत्ता उचलते. अन् इथं सांगते, बायको-पोरगं माहेरी फुकट राह्यते, पोटगीत घरभाडं कायले धरता?”

“मंग फुकटच राह्यतं न तू. बापाचं घर हाय.”

“तेच तं नडून राह्यलं. वकीलबाई म्हनते, भाड्याची पावती दाखवली तं अंकुरची पोटगी वाढीन.”

“खोटी पावती?”

“खोटी कावून? शिलाईच्या पैशातून खरंच देतो तुमाले.”

“लेकीचं भाडं खाऊ? सोयऱ्यांत तोंड कसं दाखवू?”

“सोयरे अंकुरची फी भरतीन काय?”

“चंदा, पाह्यजे तं जीव माग. हे लिहून नाही देत.”

“मंग जुन्या शहरात खोली पाहातो. तिथचा मालक पावती देते.”

“एकटी, लेकरू घेऊन?”

“दुसरं काय करू?”

शिपायाने चंदाचं नाव पुकारलं. तिने सही न झालेला कागद घडी करून पिशवीत टाकला. म्हातारा काठी टेकत उठला.

“खोली पाह्य,” तो म्हणाला. “भाडं मी देतो.”