सुकाणूमागची खुर्ची

सासरे : थांब! थांब म्हणतो ना! आधी ते ड्रिल बंद कर.

मिस्त्री : काका, अर्ध्यात आहे. अर्धं भोक ठेवून काय करू?

सासरे : माझ्या होडीला भोक? हिच्यात पाण्याचा थेंब येऊ नये म्हणून मी जन्मभर झटलो, आणि तू वरून भोसकतोयस? कुणी सांगितलं तुला?

मिस्त्री : वहिनींनी.

सासरे : सूनबाई!

सून : इथेच आहे बाबा, इंजिनाच्या मागे. ओरडू नका, सगळं बंदर बघतंय.

सासरे : बघू दे. मला डॉक्टरकडे पिटाळायचं आणि माझ्यामागे हे उद्योग! काय आहे हे धूड?

सून : खुर्ची आहे. खाली स्प्रिंग आणि शॉकअप. बचावपथकाची एक जुनी बोट मोडीत निघाली, तिच्यातली. सुकाणूमागे बसवतोय, तुमच्यासाठी. तुमचं सांगा आधी, डॉक्टर काय म्हणाले?

सासरे : काय म्हणणार! गोळ्या दिल्या. तब्येत ठणठणीत म्हणाले.

सून : असं? मागच्या खेपेला मला तर वेगळंच म्हणाले.

सासरे : तुला कधी भेटले ते?

सून : तुम्ही बाहेर चपला शोधत होतात ना, तेव्हा मी पुन्हा आत गेले होते. पाठीच्या मणक्यांमधली गादी झिजलीय म्हणाले. होडी लाटेवर आदळली की प्रत्येक दणका थेट तिथे बसतो. एक तर दणके बंद करा, नाहीतर होडी बंद करा.

सासरे : हळू बोल. मिस्त्री ऐकतोय.

मिस्त्री : मी कुठे ऐकतोय काका? ड्रिल चालू करू का? म्हणजे खरंच काही ऐकू येणार नाही.

सासरे : हात लावून तर बघ! अरे, मी उभा राहून होडी हाकणारा माणूस. गुडघे जरा सैल सोडायचे, लाट येते आणि पायांखालून निघून जाते. त्याला खुर्ची कशाला लागते?

सून : गुडघे सैल सुटतात कुठे आता? काल कप उचलायला वाकलात आणि तसेच राहिलात. सरळ करायला सासूबाईंना हाक मारावी लागली.

सासरे : ती येऊन हसत बसली, म्हणून वेळ लागला.

सून : हसून झाल्यावर ओट्यापाशी जाऊन रडल्या. ते तुम्हाला दिसलं नाही.

सासरे : ...ते तिने मला सांगितलं नाही.

सून : कशा सांगतील? तुम्ही लगेच छाती काढून उभे राहणार.

सासरे : बरं, ते जाऊ दे. धक्क्यावरचे लोक काय म्हणतील? म्हातारा न्हाव्याच्या खुर्चीत बसून मासे धरायला निघाला!

मिस्त्री : काय आहे ना काका, टॉवेल आणि वस्तरा पण ठेवतो. जाता जाता दाढी उरकून घ्या.

सासरे : तू गप रे. आणि मुळात, सूनबाई, मला विचारायचं नाही?

सून : विचारलं असतं तर काय म्हणाला असता?

सासरे : नाही म्हणालो असतो.

सून : म्हणूनच नाही विचारलं. आता माझं ऐका, मग हवं तर मिस्त्रीला हाकलून द्या. तुमच्या चिरंजीवांना पाण्याचं नाव काढलं तरी मळमळतं. ते बर्फाच्या कारखान्यात सुखात आहेत, राहू देत. लग्न होऊन आले तेव्हा मला पोहताही येत नव्हतं. तुम्ही मला होडीवर घेतलंत. जाळं टाकायला शिकवलंत, इंजिन उघडायला शिकवलंत. भावकीत किती तोंडं वाकडी झाली, तुम्ही एकालाही भीक घातली नाही.

सासरे : त्यात काय! हात चांगला होता तुझा.

सून : पण अजून निम्मंसुद्धा शिकवलं नाहीत. उद्या तुमची पाठ धरली आणि तुम्ही घरी बसलात, तर उरलेलं मी कुणाला विचारू? दारात आरामखुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडून समुद्र शिकता येतो का? मला तुम्ही इथे हवे आहात. होडीवर.

मिस्त्री : काय करू, काका?

सासरे : तू काय बघतोस तोंडाकडे? ते भोक पुरं कर. आणि खालून नीट आधार दे, नुसत्या फायबरवर बोल्ट आवळू नकोस.

मिस्त्री : खालून स्टीलची पट्टी दिलीय, वरून रबर. पाण्याला आत शिरायला जागाच नाही.

सासरे : बंदराच्या बंधाऱ्यापलीकडे, लाटांत एक फेरी मारायची. नाही पटलं, तर आजच्या आज उपटून न्यायची.

मिस्त्री : मंजूर. आता वजन सांगा. त्याप्रमाणे हा नॉब फिरवून स्प्रिंग लावावी लागते.

सासरे : साठ.

सून : बाबा...

सासरे : साठ म्हटलं ना!

(होडी धक्का सोडून बंधाऱ्यापलीकडे आली आहे. सासरे नव्या खुर्चीत सुकाणू धरून. सून पुढे, मासळीच्या उलट्या क्रेटवर. मिस्त्री कठडा धरून उभा.)

सासरे : आली बघ, मोठी येतेय. धरा! ...अगगग! मेलो!

मिस्त्री : काय झालं?

सासरे : काय झालं काय विचारतोस! खुर्ची आहे की उखळ? खट्टकन तळाला जाऊन आपटली. ह्यापेक्षा माझे गुडघे बरे होते!

मिस्त्री : असं व्हायला नको. साठावर लावलीय बरोबर. वजन नक्की साठच ना, काका?

सासरे : म्हणजे... साठ होतं.

मिस्त्री : कधी?

सून : लग्नात. सासूबाईंच्या फोटोत दिसतं ते.

सासरे : असेल आता थोडं इकडेतिकडे.

मिस्त्री : इकडे की तिकडे?

सून : तिकडेच! ऐंशीवर लावा हो, मिस्त्री. थोडं आणखी वर ठेवलंत तरी चालेल.

सासरे : सासूने शिकवलंय तुला हे बोलायला.

मिस्त्री : पाय उचला काका... हां. झालं. घ्या आता एखादी चांगलीशी लाट.

सासरे : ही घेतो. उजवीकडून येतेय. आली... आली...

मिस्त्री : लागलं?

सासरे : गेली?

मिस्त्री : गेली की! मी कठड्याला लोंबकळलो, तुम्हाला कळलं नाही?

सासरे : थांब. बोलू नकोस. दुसरी घेतो.

सून : बाबा, कसं वाटतंय?

सासरे : तिसरी घेतो.

मिस्त्री : काय आहे ना वहिनी, आता हे अंधार पडेपर्यंत लाटाच घेत बसणार.

सासरे : होडी आपटतेय आणि मी आपटत नाहीये. अरे, हे... सूनबाई, आत्ता तू काय केलंस?

सून : कुठे काय?

सासरे : लाट आली तेव्हा. दोन्ही हात क्रेटवर रोवलेस आणि अंग वर उचलून धरलंस.

सून : ते होय! सवय आहे. तसं नाही केलं तर कमरेत बसतो दणका.

सासरे : रोज करतेस?

सून : रोजच. तुम्हाला आज दिसलं?

सासरे : आज दिसलं. इतके दिवस दात आवळून नुसता लाटेकडे बघत होतो. मिस्त्री, तू बस रे त्या क्रेटवर.

मिस्त्री : मी? मी कशाला? मी बरा आहे उभा.

सासरे : बस म्हणतो ना. सूनबाई, तू इकडे ये, माझ्या बाजूला कठडा धर. बसलास? हां, येऊ दे.

मिस्त्री : आई गं! आई आई आई! काका, थांबवा! दात हलले माझे! वहिनी, तुम्ही ह्याच्यावर बसून जाता? दिवसभर?

सून : माझे दात अजून जागेवर आहेत. पण हो.

सासरे : कधी बोलली नाहीस.

सून : तुम्ही तरी कुठे बोलायचात? मला वाटलं, होडीवर दुखण्याचं बोलायचंच नसतं.

सासरे : हेही माझ्याकडूनच शिकलीस होय!

सून : शिकवलंत तेवढं सगळं घेतलं, बाबा. निवडत नाही बसले.

सासरे : मिस्त्री, अशी आणखी एक मिळेल?

मिस्त्री : जोडीच होती. दुसरी माझ्या शेडमध्ये आहे. मी तिच्यावर बसून जेवतो.

सासरे : उद्यापासून मांडी घालून जेव. पचतं चांगलं.

मिस्त्री : म्हणजे आणखी भोकं पाडावी लागतील, काका.

सासरे : पाड. तिला विचारून पाड, कुठे बसायचंय ते. आणि वजन मात्र तिला एकटीला विचार, मला ऐकायचं नाही.

सून : मी खरं सांगते हो, मला काय भीती!

सासरे : बरं, सुकाणू घे आता. मी बसल्या जागेवरून सांगतो. बंधाऱ्याच्या टोकाला पाणी बघ. काय दिसतं?

सून : पाणी.

सासरे : नीट बघ. एक पट्टा गुळगुळीत आहे, तेल सांडल्यासारखा. तिथे खालून प्रवाह वळतो. बारीक मासळी त्या वळणावर गोळा होते, आणि तिच्यामागून मोठी.

सून : हां, दिसला! आणि त्याच्या पलीकडे जरा काळसर आहे ते?

सासरे : तिथे खडक. तिथे जाळं न्यायचं नाही, फाटतं. पण भरती निम्मी झाली की... कडेकडेने...

सून : कडेकडेने काय? ...बाबा?

मिस्त्री : वहिनी, काका बोलेनात. मान बघा कशी पडलीय! काका!

सून : शूऽ, हळू. ऐका, घोरतायत.

मिस्त्री : ह्या लाटांत? झोपले?

सून : घरी रात्ररात्र भिंतीला टेकून बसतात. आडवं होता येत नाही. सासूबाई दिवा लावून विचारतात, तर म्हणतात, उकडतंय.

मिस्त्री : अरे देवा. आणि मी मघाशी दाढीवरून थट्टा केली.

सून : त्याचं काही वाटून घेऊ नका, आवडली त्यांना. ओठ दाबून हसत होते.

मिस्त्री : बोलता बोलता धक्क्यापाशी परत आलो, वहिनी. दोर टाकू? उठवू त्यांना?

सून : नको. तुम्हाला घाई नसेल तर होडी वळवते मी. अजून एक चक्कर मारून येऊ.