तक्रार निकाली, टेकडी साफ

मनोज : वहिनी, मी कचरा उचला लिहिलं होतं. टेकडी उचला नव्हतं लिहिलं!

हेमाली : ओरडू नको. घरात वहिनी, इथं सरपंच हाय मी. ‘टेकडीवरची घाण साफ करा.’ तुझेच शब्द. तालुक्यावरून फिरून माझ्याकडं आले. मी जेसीबी बोलावला. तक्रार निकाली.

मनोज : घाण म्हणजे गोदामवाल्यांचा थर्माकोल, लूमच्या चिंध्या. ते कुठाय?

हेमाली : ढकललं खाली.

मनोज : ओढ्यात?

हेमाली : मग काय डोक्यावर घेऊ? डंपर मागितला तर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.

मनोज : म्हणजे कचरा राहिला, जंगल गेलं.

हेमाली : जंगल कसलं? झुडपं ती. कागदावर पडीक जागा हाय. उद्या साहेब येतायत, वृक्षारोपण.

मनोज : झाडं लावायला झाडं काढली. वा! आणि लावणार काय?

हेमाली : गुलमोहर असंल. टेम्पोत येईल ते लावायचं. मला विचारून पाठवतात काय?

मनोज : टेकडी अर्धीच झालीय. वरचा उतार तरी सोड.

हेमाली : मागच्या साली झुडपं ठेवली, तर लागवडीचा फोटो वरून परत आला. म्हणे, खड्डे दिसत न्हाय. तुझं काय जातंय? मोबाईलवर टाइप केलं की मोकळा. परत टाक तक्रार, ‘काम थांबवा’ म्हणून. वरून उत्तर आलं की थांबवते.

मनोज : पहिलीचं उत्तर यायला अख्खं वरीस गेलं!

हेमाली : ते मला सांगतोस? ... ए राहीआजी! लांब हो तिथून! जेसीबी येईल अंगावर!

राहीबाई : न्हाय येत. डायवर डबा खातंय. तवर काढते.

मनोज : काय काढतेस, आजी?

राहीबाई : शेवळांचे कांदे, रं. आताशी कुठं कोंब वर यायला लागलेत. दर साली ही रानभाजी धामणकर नाक्यावर विकते, ती काय आभाळातून आणते? आन ही तुझी वहिनी वाटीभर भाजी मागून नेते ती?

हेमाली : ती इथली? मला वाटलं तुझ्या शेतातली.

राहीबाई : शेतात गोदाम हाय, गो बाय.

मनोज : घमेलं आणतो. घरामागं लावू सगळे.

राहीबाई : नुसते कांदे लावून काय करशील? भाजीत काकडाच्या झाडाचं आंबट फळ न्हाय घातलं तर घसा खाजून मरशील. त्यो बघ काकड, वर उतारावर. त्याच्या बुडातच येतात शेवळं. त्यो पन घमेल्यात घेतोस काय?

मनोज : वहिनी...

हेमाली : माझ्याकडं काय बघतोस? माझ्या हातात काय हाय? सही तेवढी माझी. नको म्हटलं तर उद्या सगळे मलाच विचारणार, साहेबापुढं काय तोंड दाखवू?

राहीबाई : भांडा नंतर. त्याचा डबा संपत आला.

(हेमाली फोन लावते.)

हेमाली : हॅलो, भैया? खाना हुआ? ... तो चाय भी पियो ना. इधर नहीं, धामणकर नाके पे अच्छा मिलता है, उधर जाके पियो. ... हां, ट्रैफिक तो रहेगा. आराम से. मैं बोलेगी तब आओ.