तालमीत न्हाई, तर केरळात

आम्ही केरळला कसं गेलो, ते तुम्हाला सांगितलंच न्हाई की मी! मोबाईल नवीन नवीन आलेले, तवाची गोष्ट. धाकटी झाल्यापास्नं माझी कंबर पार गेलेली. एकदा जेवताना मी आमच्या ह्यांना म्हटलं, "केरळला जाऊया. समुद्राकाठी आयुर्वेदिक मालिश करत्यात."

हे हसायलाच लागले. "दोन बारकी पोरं घेऊन एवढ्या लांब जायचं, ते काय तेल लावून घ्यायला?"

माझे सासरे, म्हणजे मामा, जुने पैलवान. ते पाटावरनंच गरजले, "मालिशच पायजे न्हवं? आमच्या तालमीतली पोरं अशी रगडत्यात, हाड न् हाड मोकळं व्हतंय. केरळ कशाला?"

"बरं मामा," मी म्हटलं, "मग उद्या सकाळी येते तालमीत. पोरांना तेवढं सांगून ठेवा."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मामांनी घसा खाकरला. "तालमीत बाईमाणूस येत न्हाई."

"केरळात चालतंय. तुमच्या लेकाच्याच मोबाईलवरनं विचारलंय मी. मालिश करणारी बी बाईच असती."

मामांनी उरलेला रस्सा एका घोटात संपवला आणि लेकाकडं वळले. "तिकिटं काढ."

हे चाचरत म्हणाले, "पण आबा, ही तेल लावून पडल्यावर पोरांकडं कुणी बघायचं?"

"मग तू कशाला चाललाईस?"

निम्मी कंबर तर माझी तिथंच बरी झाली बघा.