कोक-बेलहून चार फोन

"हॅलो?… हो, बुरुलच बोलतेय. या कोक-बेल खिंडीत फोन उचलायला दुसरं आहे कोण?… घोडा? त्याला आकडे कळत नाहीत गं. काय म्हणतेस, कुंदुझ?… आकडे नंतर, आधी संगणक? बरं. बसले समोर."

हवामान केंद्राचा हा संगणक बिश्केकच्या कचेरीतून कुंदुझला थेट उघडता आला, की आकडे तोंडी सांगायचे दिवसाचे चार फोन बंद होणार होते. बुरुलला दुसऱ्या कुणाचा फोन येत नसे.

"तुझ्याकडे जोडलं जातं, मग काळं, मग तुटतं… कालच्यासारखंच. माझ्याकडे मात्र लख्ख दिसतंय… हो, तो नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यापासूनच. कोळशाच्या ट्रकमधून तुम्हीच पेनड्राइव्ह धाडलात, मी टाकला… हो, हो… अगं ऐक ना, मुद्दाम कशाला करेन?… हसू नकोस.

उघडलं. डिस्प्ले… त्यावर उजवं बटण… 'मागच्या ड्रायव्हरवर जा'. दाबलं. लुकलुकलं. बघ आता… अजून काळंच?

कुंदुझ… मी तो दोनदा टाकला होता… दोनदा म्हणजे दोनदा! सव्वीस वर्षं थर्मामीटर दोनदा वाचल्याशिवाय वहीत लिहिला नाही मी. एकदा केलेल्याचा काय भरवसा?… म्हणजे मागचाही तोच आणि नवाही तोच? कपाळ माझं.

मग काढूनच टाकायचा? 'फाइलींसकट'… केली खूण."

बोट माउसवर थांबलं. 'जमत नाही' म्हटलं असतं, तर बर्फ वितळून कुणी वर येईपर्यंत फोन चालू राहिले असते.

"…आहे गं, आहे. दाबलं. बंद होतोय… झाला चालू. अगं बाई, अक्षरं गाढवाएवढी झालीत!… साधा ड्रायव्हर? असू दे. तू बघ."

पडद्यावरचा बाण आपोआप हलला.

"आलीस! तूच ना ती?… दिसतंय सगळं? उणे चौदा, बरोबर. वारा?… तोही बरोबर.

म्हणजे उद्यापासून… हो, समजलं. छे, रडतेय कशाला? शेगडीचा धूर आहे.

थांब, थांब! ढग कोण सांगणार? यंत्राला काही मान वर करता येत नाही… काय? ढगांचा रकानाच काढला? कधी?… गेल्या वर्षी?

अगं, वर्षभर मी रोज चारदा बाहेर जाऊन, मान मोडेपर्यंत वर बघून… आणि तू 'हं, लिहिलं' म्हणायचीस. कुठे लिहीत होतीस?

…नुसतीच ऐकत होतीस?"

बुरुलनं तार ताणून फोन खिडकीपाशी नेला.

"आहेस ना?… लिहू नकोस. पश्चिमेला पिंजलेल्या लोकरीसारखे तीन पट्टे. खालून गुलाबी होताहेत. त्यांच्यामागे एक मोठा, करडा… सावकाश येतोय, पोटुशी घोडी चालावी तसा… हं. अजून?… उजवीकडे काही नाही. मोकळं.

ठेवते आता. अंधारतंय, आत्ताच बाहेर गेले नाही तर पुढच्या फोनचे ढग दिसायचे नाहीत."