दुबई किती लांब

सुरतच्या विमानतळाबाहेर चैताली दुबईच्या विमानाची वाट बघत होती. सुरतच्याच भेस्तान भागातून मुलीबरोबर आलेल्या प्रमिलाबाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही फोनवर मराठी बोलत होत्या, म्हणून विचारते. माझा गोपाल येतोय दुबईहून. परवाच निघाला असेल ना?"

"नाही हो मावशी. आज दुपारीच निघालं असेल विमान. तीनेक तासांचा तर प्रवास."

"तीन तास? उज्ज्वला, ऐकलंस का? आपल्याला अमळनेरला जायला याच्यापेक्षा जास्त लागतात."

प्रमिलाबाई मुलीकडे वळल्या.

"तुझे वडील गेले तेव्हा तो म्हणाला, यायला दोन दिवस लागतील, माझ्यासाठी थांबू नका. म्हणून पुतण्यानं अग्नी दिला."

"आई, हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"इतका जवळ होता, आणि बापाचं तोंड बघायला आला नाही?"

"येता येईना त्याला. मालकानं पासपोर्ट अडकवून ठेवला होता, तो आता कुठे सुटला. फोनवर ढसाढसा रडला गं. म्हणाला, आईला कळलं तर ती जेवणार नाही. लांब आहे म्हणून सांग."

आपण तोंड उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असं चैतालीला वाटलं.

प्रमिलाबाई दाराकडे बघू लागल्या. सामानाच्या गाड्या ढकलत माणसं बाहेर येऊ लागली.

"उज्ज्वला, माझे डोळे पूस. आणि मला कळलंय, हे त्याला सांगू नको."