सोमीच्या फॉर्मवरचा शब्द

तो सायेब आठवला का आजही मायं डोकं फिरते. अहेरीकडं मास्तरीण होती मी तेव्हा. अपंगांचा नवा कायदा आला होता, अन् त्याच्यात बसणारी पोरं शोधायले हा सायेब शाळेत आला. पहिलीतल्या सोमीले त्यानं पुढ्यात उभं केलं.

"नाव काय? वडील काय करतात? ही बोटं किती?"

पोरगी गप्प. तिच्या घरी गोंडीच बोलतात, अन् शाळेत येऊन तिले महिनाच झाला होता. दोन मिनिटांत सायबानं फॉर्मवर लिहिलं, 'मतिमंद'. वरून म्हणे, "बाई, हिला चंद्रपूरच्या विशेष शाळेत पाठवा. तिथं वसतिगृह आहे."

सहा वर्षांची पोरगी, आईपासून तोडायची!

"सायेब, तिले गोंडीत विचारा ना."

"फॉर्मवर गोंडीचा रकाना नाही, बाई."

मंग मीच विचारलं, मोडक्यातोडक्या गोंडीत. सोमी जे सुरू झाली! बापाचं नाव, बैलांची नावं, तलावात कोणती मासोळी कुठी सापडते, सारं सांगितलं. सायेब घड्याळ पाहून राह्यला होता.

"शाईनं लिहिलंय बाई, आता खोडता येत नाही."

मी फॉर्म त्याच्या हातातून ओढला अन् त्याच्यासमोरच फाडला. सोमी मायाच वर्गात राह्यली.

पंधरा दिवसांनी मले नोटीस आली, सरकारी कागद का फाडला म्हणून. मी सोमीच्या बापाले जवळ बसवलं अन् दोन पानं उत्तर लिवलं, अख्खं गोंडीत. त्याच्यावर वरून अजून काही आलं नाई.